केस झाकून ठेवणे

शुक्रवारी ऑफिस सुटायला दहा मिनिटं असताना धाकट्या वकीलबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या. फायलींच्या ढिगाकडे बघत त्या म्हणाल्या, "गुरुवारी मी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणार आहे. इथे जुनं फार साचलंय. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते एकदाचं ठरवून टाकू." एवढं बोलून त्या आत गेल्या. ढिगामागे बसलेल्या टाचणीरावांच्या हातातली टाचणी कागदाऐवजी अंगठ्यात घुसली.

जुनं म्हणजे कोण, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ऑफिसात माणसं तीन. वकीलबाई बत्तीस वर्षांच्या. टायपिस्टबाईंनी आपलं वय पस्तिशीला थांबवून ठेवलं होतं, त्याला आता दहा वर्षं झाली होती. राहिले हेडक्लार्क, म्हणजे टाचणीराव. वय अठ्ठावन्न, नोकरी एकतीस वर्षं, आणि डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र. प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीला एक टाचणी लावायच्या सवयीमुळे त्यांना हे नाव पडलं होतं. ते इतकं मुरलं होतं की पोस्टमनसुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखायचा.

थोरले वकील होते तोवर चिंता नव्हती. पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी गाशा गुंडाळला, ऑफिस मुलीच्या हवाली केलं आणि समुद्राकाठी राहायला निघून गेले. ही मुलगी टाचणीरावांनी फ्रॉकमध्ये पाहिलेली. त्यांच्या टेबलाखाली बसून ती टाचण्यांचे मासे करायची. आता ती काळा कोट घालून यायची, कानशिलांवर दोन करड्या बटा मिरवायची आणि टाचणीरावांच्या नजरेला नजर न देता हुकूम सोडायची. बत्तिसाव्या वर्षी करड्या बटा. अशिलं म्हणायची, बापाची हुशारी डोक्यावर उतरलीय. टाचणीराव मात्र त्या बटा दिसल्या की मान खाली घालून टाचण्या मोजायला लागायचे.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"काढतील मला. सकाळी साडेनऊला डबा घेऊन मी जाऊ कुठे? बागेत बसू?"

"बागेत कशाला, घरी बसा," बायको म्हणाली. मग तिच्या डोळ्यांसमोर टाचणीराव दिवसभर घरात बसलेले आले असावेत, कारण ती लगेच म्हणाली, "नको. त्यापेक्षा केस काळे करा. दहा वर्षं कमी दिसाल. माझी बहीण कशाला आहे?"

टाचणीरावांची मेहुणी दोन गल्ल्या सोडून केसांचं पार्लर चालवायची. पण तिथला तिचा रुबाब एखाद्या शल्यविशारदासारखा होता. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर टाचणीराव मागच्या दाराने आत गेले. मेहुणीने त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं आणि कानामागे काडीने रंगाचा एक ठिपका लावला.

"झालं?" टाचणीरावांनी विचारलं.

"कुठलं झालं, भाऊजी? ही चाचणी. अठ्ठेचाळीस तास इथे पाणी लावायचं नाही. खाज, लाली, सूज, काही आलं तर रंग रद्द."

"सूज म्हणजे किती?"

"तुमचा कान केवढा आहे ते आजच बघून ठेवा. सोमवारी ऑफिस सुटलं की या. त्या दिवशी केस धुऊ नका, तेल लावू नका. आणि अंगावर जुना शर्ट घाला."

टाचणीरावांनी घरी जाऊन पट्टीने कान मोजला आणि आकडा लिहून ठेवला. रविवारी त्यांनी तो अकरा वेळा मोजला. एकदा अर्धा सेंटिमीटर वाढलेला निघाला, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली. बायकोने पट्टी हिसकावून घेऊन स्वतः मोजला. दुसऱ्या कानाचाच आकडा होता तो.

कान बधला नाही. सोमवारी संध्याकाळी सात वाजता रंग लागला. कपाळावर आणि कानांवर व्हॅसलीन चोपडून मेहुणीने एकेक बट वेगळी करत मुळापासून काम केलं. टाचणीराव डोळे घट्ट मिटून, खुर्चीचे हात धरून बसले होते. रंग धुऊन झाला, केस वाळले, आणि डोळे उघडले तेव्हा आरशातून एक ओळखीचा, पण बराच धाकटा माणूस त्यांच्याकडे घाबरून बघत होता.

"आता खरी परीक्षा," मेहुणी म्हणाली. "रंगवणं माझं काम, टिकवणं तुमचं. बहात्तर तास पाणी नाही. ऊन नाही. गरम हवा नाही. सारखं हात लावणं नाही. नंतर सौम्य शाम्पू, कोमट पाणी. पहिल्या वेळी थोडं काळं पाणी निघतं, घाबरायचं नाही. पण बहात्तर तासांच्या आत भिजलात तर किती रंग जाईल, ते मी सांगू शकत नाही. गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत जपा."

"मुलाखत गुरुवारी सकाळी अकराला आहे."

"मग कोरडेच जा."

"आणि हे बघ, तुझ्याकडे कोणी विचारायला आलं, फोन आला, तरी..."

"भाऊजी, माझ्या धंद्यात तोंड बंद ठेवावं लागतं. पोलीस आले तरी मी तुम्हाला ओळखत नाही."

या वाक्याने टाचणीरावांना फार धीर आला. पण एवढ्या सूचना डोक्यात राहणार नव्हत्या. एकतीस वर्षं ते चिठ्ठी लिहिल्याशिवाय कुठलंच काम करत नव्हते. त्यांनी खिशातून गुलाबी चिठ्ठी काढली. मात्र कोणाच्या हाती पडली तर भांडं फुटायला नको, म्हणून रंग, शाम्पू, पाणी असले उघडे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. ऑफिसात लिहीत तसंच मोजक्या शब्दांत, सुवाच्य अक्षरात लिहिलं :

केस. अत्यंत गोपनीय.
१. प्रथम कानामागे चाचपणी करणे. जळजळ झाल्यास थांबणे. (झाले.)
२. हातमोजे घालूनच काम करणे. (झाले.)
३. केस गुरुवार सायंकाळपर्यंत झाकून ठेवणे. उजेडात न आणणे. कोणासही हात लावू न देणे.
४. गरम होऊ न देणे. थंडपणे हाताळणे.
५. डाग मागे राहिल्यास पुसून टाकणे.
६. मूळ पांढरे दिसू लागल्यास ताबडतोब काळे करणे.
७. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच करणे. मेहुणीस विचारल्याखेरीज पाऊल न उचलणे.

चिठ्ठी दोनदा वाचून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. यातून कोणाला काय कळणार आहे, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी टाचणीराव टोपी घालून आणि वर छत्री उघडून ऑफिसला निघाले. आकाश निरभ्र होतं. ज्या घरांच्या गॅलरीत कुंड्या होत्या, त्या घरांसमोरून ते रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि पलीकडे कुंड्या आल्या की परत अलीकडे येत. दहा मिनिटांच्या वाटेला पंचवीस मिनिटं लागली. ऑफिसच्या दाराशी त्यांनी टोपी काढली. टायपिस्टबाईंनी मान वर केली, "उशीर झाला हो आज," म्हणाल्या आणि पुन्हा टायपिंगला लागल्या. वकीलबाई आल्या, ढिगाकडे बघून "कुंपणाची फाइल काढून ठेवा" म्हणाल्या आणि आत गेल्या. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. टाचणीरावांना हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

कुंपणाची केस ही ऑफिसची सर्वांत मोठी केस होती. दोन शेजारी हातभर जागेसाठी अकरा वर्षं भांडत होते आणि सगळा भरवसा एका जुन्या नकाशावर होता. तो मूळ नकाशा प्लॅस्टिकच्या जाड पाकिटात घालून फायलीत ठेवलेला होता. टाचणीरावांनी फाइल टेबलावर उघडली, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून काचा धुणाऱ्यांनी पाण्याचा पाइप सोडला. खिडकी उघडी होती. पाण्याचा एक फवारा सरळ आत आला.

टायपिस्टबाई नुसत्या दचकल्या. वकीलबाई आपल्या खुर्चीवरून ताडकन उठल्या, दोन्ही हात कानशिलांवर धरून आतल्या कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. असल्या गोंधळाने त्यांचं डोकं उठलं असणार, असं टाचणीरावांना वाटलं, पण त्यावर विचार करायला त्यांना सवड नव्हती. हाताला लागलं ते त्यांनी उचललं, डोक्यावर धरलं आणि मागच्या सामानाच्या खोलीत धूम ठोकली. हाताला लागलं होतं ते नकाशाचं पाकीट. ते उचलायला वाकताना खिशातली गुलाबी चिठ्ठी फायलीत पडली, ते मात्र त्यांना कळलं नाही. सामानाच्या खोलीत त्यांनी पाकीट कपाटाच्या वर ठेवलं, फुटक्या आरशात केस न केस तपासला, आणि एक थेंबही लागला नाही या आनंदात पाकीट तिथेच विसरून बाहेर आले.

बुधवारी सकाळी त्यांनी खिसा चाचपला. चिठ्ठी नव्हती. कालचा शर्ट बायकोने अजून धुतला नव्हता, त्याचे खिसे उलटे केले. गादी झटकली, डबा उघडून पाहिला, छत्री उलटी केली. चिठ्ठी ऑफिसातच पडली असणार आणि आता कोणाच्या तरी हातात असणार. उद्या बोलावणं, आणि आजच हे. एवढी भीती त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशीही वाटली नव्हती.

दुपारी टायपिस्टबाई त्यांच्या टेबलाजवळ आल्या. एरवी ढिगाच्या पलीकडूनच बोलायच्या, आज खुर्ची ओढून बसल्या. चेहरा उतरलेला होता.

"टाचणीराव, मला सगळं कळलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"काय कळलंय?"

"केस."

टाचणीरावांनी आजूबाजूला पाहिलं. "कोणाला सांगितलं नाही ना?"

"अजून नाही. पण हे असं झाकून किती दिवस राहणार?"

"उद्या संध्याकाळपर्यंत राहिलं तरी पुरे आहे हो. पुढचं पुढे बघता येईल."

"या वयात असं कशाला केलंत?"

"या वयात म्हणूनच केलं. तरुण असतो तर गरज काय होती?"

टायपिस्टबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "एकट्याने केलंत?"

"छे, मला कुठलं जमतंय. सगळं मेहुणीने केलं. हातमोजे घालून. मी नुसता डोळे मिटून बसलो होतो."

"अरे देवा. आणि याआधी?"

"नाही नाही, पहिल्यांदाच. पण मेहुणी म्हणते, एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. दर सहा आठवड्यांनी करावं लागतं."

टायपिस्टबाई उठल्या. "एकतीस वर्षं मी तुम्हाला देवमाणूस समजत होते," असं म्हणून त्या गेल्या, त्या थेट वकीलबाईंच्या खोलीत. नुसते केस काळे केले म्हणून देवपण जातं, हे टाचणीरावांना जरा जास्तच वाटलं. शिवाय टायपिस्टबाईंना नोकरीला लागून सतराच वर्षं झाली होती.

गुरुवार उजाडला. टाचणीराव इस्त्रीचा शर्ट घालून, कुंड्या चुकवत, कोरड्या डोक्याने ऑफिसात पोचले. अकराच्या ठोक्याला त्यांना आत बोलावणं आलं. वकीलबाई टेबलामागे ताठ बसल्या होत्या. खुर्ची त्यांनी खिडकीच्या उन्हातून भिंतीच्या सावलीत ओढून घेतली होती. टायपिस्टबाई कोपऱ्यात वही घेऊन उभ्या होत्या. टेबलावर कुंपणाची फाइल होती, आणि फायलीवर गुलाबी चिठ्ठी.

"हे अक्षर तुमचं?" वकीलबाईंनी चिठ्ठीकडे बघतच विचारलं.

"हो."

"कुंपणाच्या फायलीत सापडली. वाचते. 'केस उजेडात न आणणे.' 'डाग मागे राहिल्यास पुसून टाकणे.' 'मूळ पांढरे दिसू लागल्यास ताबडतोब काळे करणे.' मूळ म्हणजे मूळ नकाशा. तो फायलीत नाही. टाचणीराव, तुम्ही तो काळा केलात?"

गेले सहा दिवस ज्या भीतीने त्यांना ग्रासलं होतं, ती एकदम चिमुकली वाटायला लागली, इतकी ही नवी भीती मोठी होती. म्हातारा म्हणून काढलं असतं तर निदान चहा पाजून काढलं असतं.

"नाही हो मॅडम. केस म्हणजे ती केस नव्हे. केस म्हणजे हे," आणि त्यांनी डोक्याकडे बोट केलं.

"मग नकाशा कुठे आहे?"

तो कुठे आहे ते त्यांना त्याच क्षणी आठवलं. ते धावत सामानाच्या खोलीत गेले आणि कपाटावरून पाकीट घेऊन परत आले. नकाशा जसाच्या तसा होता. पण वकीलबाईंचा चेहरा आणखी कठोर झाला.

"म्हणजे तो कपाटावर लपवला होता."

"लपवला नव्हता. डोक्यावर धरला होता."

"अकरा वर्षांच्या खटल्याचा नकाशा तुम्ही डोक्यावर का धरलात?"

"पाणी आलं म्हणून. बहात्तर तास पाणी लागू द्यायचं नव्हतं. मी केस काळे केलेत, मॅडम. सोमवारी. तुम्ही मला म्हातारा म्हणून काढाल या भीतीने." आयुष्यात कोणापुढे कबूल करायचं नाही असं ठरवलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

वकीलबाईंनी टायपिस्टबाईंकडे पाहिलं. "यांचे केस आधी पांढरे होते?"

टायपिस्टबाईंनी खूप आठवून पाहिलं. "सांगता नाही यायचं. फायलींच्या वर यांचा चष्मा तेवढा दिसतो. मला वाटतं, काळेच असावेत."

एवढी एकत्र वर्षं काढून या बाईला आपल्या डोक्याचा रंग माहीत नाही, हे टाचणीरावांच्या जिव्हारी लागलं. पण रागावायची ही वेळ नव्हती. "मेहुणीला विचारा," ते म्हणाले. "तिनेच केले. फोन लावा, मी एक अक्षर बोलत नाही."

वकीलबाईंनी त्यांच्याकडून नंबर घेऊन फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "मी वकील बोलतेय. सोमवारी संध्याकाळी तुम्ही तुमच्या भाऊजींचे केस रंगवलेत का?"

पलीकडून मेहुणीचा खणखणीत आवाज आला, "कोण भाऊजी? आमच्याकडे फक्त बायका येतात."

"तुमच्या बहिणीचे यजमान."

"मला बहीणच नाही," मेहुणी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

टायपिस्टबाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मेहुणीने दिलेला शब्द इतका पाळायला नको होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. रंग लागून चौसष्ट तास झाले होते. आठ तास कमी पडत होते.

खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं आणि शेजारी पांढरा टॉवेल. टाचणीराव तिकडे बघत राहिले. पाणी लागलं तर सगळं जाणार होतं. कान मोजला, छत्र्या उघडल्या, रस्ते बदलले, ते सगळं यातून वाचण्यासाठीच. पण कागद काळा करणारा म्हणून बाहेर पडण्यापेक्षा पांढऱ्या डोक्याने बाहेर पडणं बरं, एवढं त्यांना त्या भीतीतही स्पष्ट कळलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बेसिनपाशी गेले, नळ पूर्ण सोडला आणि डोकं खाली घातलं.

आधी पाणी करडं आलं. मग शाईसारखं काळं. टाचणीरावांनी हाताने खसाखसा केस चोळले, पांढऱ्या टॉवेलने पुसले आणि टॉवेल दोन्ही हातांनी उलगडून वकीलबाईंच्या समोर धरला. त्यावर त्यांच्या डोक्याचा काळा ठसा उमटला होता. मानेवरून, इस्त्रीच्या शर्टावरून काळे ओघळ चालले होते, आणि केसांत मधे मधे पांढरं डोकावायला लागलं होतं.

"पुरावा," ते म्हणाले.

वकीलबाई टॉवेलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टायपिस्टबाईंना सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर बसा. आणि जाताना दार लावून घ्या." दार लागलं. त्या उठल्या, स्वतः दाराची कडी लावली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी टाचणीरावांच्या नजरेला नजर दिली.

"काका, बसा," त्या म्हणाल्या.

टाचणीराव खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"हे बहात्तर तासांचं," वकीलबाई घुटमळत म्हणाल्या, "करड्या रंगालाही लागू असतं का हो?"

"कुठल्या करड्या?"

त्यांनी कानशिलावरची बट बोटात धरली. "ही खोटी आहे. दुसरीसुद्धा. पहिल्याच दिवशी एक अशील आलं आणि मला म्हणालं, बाळ, मोठ्या माणसांना बोलाव. कोर्टात मला पाणी आणून द्यायला सांगितलं. मग मी दोन बटा करड्या करून घेतल्या. जरा वय दिसावं म्हणून. रंगवणाऱ्या माणसाने पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही. पिवळ्या पडायला लागल्यात. ऊन लागलं की आणखी पडतात. परवा तो पाइप सुटला तेव्हा मी किती घाबरले होते, कोणाला सांगू?"

टाचणीरावांनी चष्मा चढवून बट नीट पाहिली. खरंच, टोकाला पिवळट झाक होती.

"तुमची सगळ्यात जास्त भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला टेबलाखाली टाचण्यांचे मासे करताना पाहिलंय. जवळून बघितलंत तर लगेच ओळखाल, म्हणून मी तुमच्याकडे बघायचीच नाही. म्हणून तर तुमचे केस कुठल्या रंगाचे ते मला माहीत नव्हतं. आणि मनात सारखं यायचं, हा माणूस कालच्या पोरीच्या हाताखाली राहणार नाही. एक दिवस राजीनामा देईल. मग मला या ऑफिसातली एक फाइल सापडायची नाही."

"मी राजीनामा? पण शुक्रवारी तुम्ही म्हणालात, जुनं साचलंय, काढून टाकायचंय."

"कपाटं हो, काका. त्या लोखंडी कपाटांची दारं उघडत नाहीत. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, ते तुम्हालाच विचारायचं होतं."

टाचणीरावांना हसू आलं की रडू, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. एक काळा थेंब नाकावरून ओघळून गुलाबी चिठ्ठीवर पडला. त्यांनी तो बाहीने टिपला, कारण डाग मागे राहिल्यास पुसून टाकणे असं चिठ्ठीतच लिहिलं होतं. मग खिशातून नवी चिठ्ठी काढली.

"मेहुणीच्या दुकानात जांभळा शाम्पू पाहिलाय मी. करड्याचा पिवळेपणा त्याने जातो, असं ती एकीला सांगत होती," ते म्हणाले. "आठवड्यातून एकदा, कोमट पाण्याने. उन्हात रुमाल बांधायचा. पण आधी कानामागे चाचणी. त्याशिवाय ती हात लावत नाही."

"त्या मला ओळख दाखवतील का? त्यांना तर बहीणसुद्धा नाही."

"मी बरोबर येतो. मलाही जावंच लागणार आहे," टाचणीराव म्हणाले आणि आपल्या चट्टेपट्टे झालेल्या डोक्यावरून हात फिरवला. हात काळा झाला.

लोखंडी कपाटं महिनाभरात गेली. टाचणीराव राहिले. टायपिस्टबाईंना एवढंच सांगण्यात आलं की चौकशी पूर्ण झाली असून त्यात कोणी दोषी आढळलेलं नाही. पण सहा आठवड्यांनी कोर्टाच्या तारखा लिहायच्या फळ्यावर, सोमवारच्या चौकटीत, टाचणीरावांच्या सुवाच्य अक्षरात एक ओळ दिसली : "केस – दोन. सायंकाळी सात. मागील दाराने." टायपिस्टबाईंनी कोर्टाची यादी तीनदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मग कोणाला काही न विचारता, आवाज न करता, आपलं टेबल दाराच्या जवळ सरकवून घेतलं.